चार मात्रांची मोकळी जागा

१

पनवेलच्या जुन्या बाजारात यासीनचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचं ते कौतुकाने. मसाला कुटायच्या गिरणीवरची एक खोली, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे, एक संगणक, दोन माइक आणि एक पंखा, तोही गाणं सुरू झालं की बंद ठेवावा लागे. खाली मिरची कुटायला घेतली की वर गाणारे शिंकू लागत. म्हणून काम सुरू करण्याआधी यासीन खिडकीतून वाकून सांगायचा, "काळूरामशेठ, अर्धा तास मेहेरबानी करा." काळूरामशेठ मेहेरबानी करायचे, पण घड्याळ लावून अर्धाच तास. त्यामुळे त्या खोलीत गाणारा प्रत्येक जण जरा घाईतच गायचा.

स्नेहाही घाईत होती. दोन हजार दहा साल, दिवाळी होऊन गेलेली, तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलेलं, म्हणजे लग्नसराई दाराशी येऊन उभी. त्याआधी तिला नमुन्याची एक सीडी बाहेर काढायची होती.

स्नेहा विचुंब्याची, आगऱ्यांची मुलगी. संगीतात एम.ए. केलेली, नवीन पनवेलच्या एका शाळेत गाणं शिकवायची आणि उरलेल्या वेळात धवळे गोळा करायची. धवळा म्हणजे लग्नातलं गाणं, पण नुसतं गाणं नव्हे. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण बसते आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेक विधी गाऊन पार पाडते. लग्न लागतं ते तिच्या गाण्याने, अशी जुन्या माणसांची समजूत. अभ्यासक म्हणतात, या गाण्यांची चाल सातशे-आठशे वर्षांमागची आहे. गाणाऱ्या बायकांना ते ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. अडलं ते डीजे आल्यावर. मग पन्नाशीच्या आतल्या कुणाला धवळा येईना, आणि आलाच तर कुणी ऐकेना.

स्नेहाने तो ऐकायला लावला. मागे कीबोर्ड, बासरी, थोडी ढोलकी घालून तिने रंगमंचावर कार्यक्रम केला तेव्हा नाट्यगृह भरलं होतं. बाया डोळे पुसत होत्या. एका आईने तर विंगेत येऊन विचारलं, आमच्या मुलीचं नाव घालून हे वाजवता येईल का. यासीनने तेवढं ऐकलं आणि त्याचं डोकं चालू लागलं. नवरा-नवरीची नावं घातलेला धवळा, ज्याचा त्याला वेगळा, सीडीवर.

हे धवळे ती गावातल्या ठमाआयकडून शिकली होती. ठमाआय सत्तरी ओलांडलेली धवलारीण. दात चार, आवाज मात्र शाबूत. शिकवायला बसली की ती पाटावर दोन सुपाऱ्या मांडायची आणि नवरा-नवरीच्या जागी त्यांचीच नावं घ्यायची, बाळा आणि बाळी. शिकवणी आटोपली की दोन्ही सुपाऱ्या गाढी नदीत. "जागा मोकली ठेवून धवला बोलायचा नाय, पोरी," ती म्हणायची. स्नेहाला ते वाक्य इतकं आवडलं की तिने ते सीडीच्या वेष्टनावर छापायला दिलं. आवडणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

"नमुन्यात नाव कुणाचं घालू?" तिने माइकसमोर उभं राहून विचारलं.

"तुमचंच घाला की, स्नेहाताई," यासीन म्हणाला. "मीटरमध्ये बरोब्बर बसतं."

ते बसलं. पाटी उभी गो स्नेहा नवरी. पाटी, म्हणजे पाटावर. आता पुढची ओळ, समोर उभा गो अमुक नवरा. गोरखचं नाव तिच्या ओठांवर आलंच होतं. गोरख उरणकडचा, द्रोणागिरीच्या एका कंटेनर गोदामात सुपरवायझर, आणि गेली तीन वर्षं तिचा. पण दोन्ही घरांत नुकतंच कळलेलं, साखरपुडा अजून व्हायचा होता, आणि खोलीत यासीन होता, कीबोर्डवर बाळू होता. भरल्या नाट्यगृहात न कचरणारी स्नेहा तिथे लाजली.

"नवऱ्याची जागा मोकळीच ठेवू," ती म्हणाली. "ज्याचं लग्न त्याने आपलं नाव मनात म्हणावं."

यासीनला कल्पना झकास वाटली. समोर उभा गो, मग चार मात्रा काही नाही, मग नवरा. असं ते तीन वेळा गायलं गेलं, आणि खाली गिरणी सुरू झाली.

२

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती ऐकायला गेली. यासीनने तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आपण चहा ओतायला वळला. धवळा सुरेख उतरला होता. तिची तिलाच मजा वाटली. मग ती मोकळी जागा आली आणि तिसऱ्या मात्रेला कुणीतरी श्वास घेतला.

"यासीनभाई, इथे श्वास आलाय."

"तुमचाच. गाणारा श्वास घेणार नाही तर काय चहा घेणार?"

ती हसली. पण गाणाऱ्याला आपला श्वास ओळखू येतो. ती 'समोर' म्हणायच्या आधी श्वास घ्यायची, आणि तो तिथे होताच, छोटासा, नाकाने घेतलेला. हा दुसरा तोंडाने घेतलेला होता, खोल, आणि माइकपासून लांबचा. गुरं सोडून आलेला माणूस दाराशी टेकून घेतो तसा. बाळूचा असेल, तिने स्वतःला समजावलं. बाळू दम्याचा पेशंट होता आणि त्या खोलीत कोंदटपणा काही कमी नव्हता.

यासीनने तेवढा तुकडा कापून टाकला. चार मात्रा स्वच्छ झाल्या, दोघांनी ऐकून खात्री केली आणि सीडी बर्न करायला घेतली. रात्री घरी आईला ऐकवताना श्वास तिथेच होता. सेव्ह करायला विसरला असेल, स्नेहा म्हणाली. एवढ्याशा गोष्टीसाठी पुन्हा पनवेलला कोण जाणार, आणि लोक काय श्वास ऐकायला सीडी लावतात?

३

तिने मंडपवाल्या तिघांना तीन सीड्या दिल्या होत्या. त्यांनी गिऱ्हाइकांना ऐकवून ऑर्डर आणायच्या, असं ठरलं होतं. ऑर्डरी आल्या फक्त दोन. कारण नमुनाच लोकांना इतका आवडला की त्यांनी तो तसाच्या तसा उचलला. कुणी मोबाइलमध्ये घेतला, कुणी ब्लूटूथने भावाला दिला, भावाने गावाला दिला. नाव दुसरीचं आहे म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. डिसेंबर संपेपर्यंत विचुंब्यापासून पार उरणपर्यंत ज्याच्या त्याच्या हळदीला तोच धवळा वाजत होता.

स्नेहाला आधी अभिमान वाटला. शाळेतून येताना रिक्षा एखाद्या मांडवाशेजारून जायची आणि कर्ण्यातून तिचाच आवाज यायचा. पाटी उभी गो स्नेहा नवरी. रिक्षावाला मान डोलवायचा. गोरखचा फोन यायचा, "इकडे रोज तुझं लगीन लागतंय आणि मी बसलोय कंटेनरला सील लावत." जानेवारीत साखरपुडा झाला. लग्न मे महिन्यातलं धरलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती घरी एकटी पेपर तपासत बसली होती. पलीकडच्या आळीत हळद होती आणि कर्णा तिच्या खिडकीकडे तोंड करून लावलेला. धवळा लागला. तिने लक्ष दिलं नाही, रोजचंच झालं होतं. समोर उभा गो. मग ती मोकळी जागा आली, आणि तिच्या हातातलं पेन थांबलं.

श्वास जवळ आला होता. लांबून दाराशी घेतलेला नव्हे, माइकच्या अगदी पुढ्यातला. आणि श्वासानंतर, चौथ्या मात्रेवर, लाकूड करकरलं. जुन्या पाटावर जड माणसाने एक पाय ठेवला की होतो, तेवढाच आवाज.

यासीनच्या खोलीत पाट नव्हता. खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या. तिने हिशेब लावला, कर्ण्याचा खांब हलला असेल, वाऱ्याने मांडवाचा बांबू वाजला असेल. मग हळदीवाल्यांनी धवळा परत लावला, आणि लाकूड बरोबर त्याच मात्रेवर करकरलं.

तिने उठून खिडकी लावली. उकाडा असूनही लग्नघरातला आवाज थांबेपर्यंत ती उघडली नाही.

४

मार्चमध्ये ती यासीनकडे गेली. म्हणाली, मला दुरुस्त करायचंय. आता साखरपुडा झाला होता, लाजायचं कारण राहिलं नव्हतं. मोकळ्या जागी गोरखचं नाव घालायचं आणि तो नवा धवळा सगळ्या मोबाइलवाल्यांना वाटायचा, म्हणजे जुना आपोआप मागे पडेल. यासीनने का म्हणून विचारलं नाही. त्याच्या बायकोने, शमाने, धवळा ऐकून त्याला सांगितलं होतं की आपल्याकडे दुल्ह्याचं नाव घेतल्याशिवाय बायका ढोलकीला हात लावत नाहीत, आणि तुम्ही हे काय करून बसलात. तेव्हापासून तो त्या सीडीविषयी थट्टा करत नव्हता.

काळूरामशेठनी गिरणी थांबवली. स्नेहाने गायलं. समोर उभा गो गोरख नवरा. चांगलं मोठ्याने, ठणठणीत, चार वेळा. शेवटच्या वेळी तर तिला रडू आलं आणि बरंही वाटलं, तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याचं नाव असं चारचौघांत घेतलं होतं.

यासीनने ऐकायला लावलं. समोर उभा गो. मग काही नाही. मग नवरा.

"ट्रॅक म्यूट झाला असणार," तो म्हणाला. त्याने पडद्यावर आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. 'गो'पर्यंत रेघ डोंगरासारखी वरखाली होती. तिथून सपाट झाली होती, आणि सपाटीच्या शेवटी एक बारीक टेंगूळ होतं. त्याने चारही खेपा तपासल्या. चारहींत सपाटी आणि चारहींत टेंगूळ.

"मी नाव घेतलं ना? तुम्ही ऐकलंत ना?"

"घेतलंत. इथे बसून ऐकलं, स्नेहाताई. खुदा गवाह आहे."

त्याने हेडफोन घातले आणि टेंगळावर आवाज वाढवत नेला. स्नेहा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो बराच वेळ ऐकत होता, एका मात्रेला लागतो त्याहून कितीतरी जास्त. मग त्याने हेडफोन उतरवून टेबलावर पालथे ठेवले, उठून खिडकी उघडली आणि खाली सांगितलं, "काळूरामशेठ, कुटा आता. जोरात कुटा."

"काय होतं?"

"मशीनमधून सगळं काढून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर." त्याने तसं केलं. खात्रीसाठी बटण त्याने दोनदा दाबलं. "पण माझ्या एका मशीनमधून जाऊन काय होणार. तो आता गावभर आहे."



५

ठमाआय अंगणात सुकट निवडत बसली होती. अंगण म्हणजे उरलंसुरलं, कारण शेजारी सात मजली इमारत झाली होती आणि दुपारी तिची सावली थेट ठमाआयच्या चुलीपर्यंत यायची. स्नेहाने सगळं सांगितलं. सांगताना तिलाच ते वेडगळ वाटत होतं. श्वास, पाट, सपाट रेघ. ठमाआयने हात थांबवले नाहीत.

"सुपारी ठेवली व्हती का?" तिने एवढंच विचारलं.

"नाही."

"किती जनांच्या हलदीला वाजला?"

"कोण मोजणार, आय? शंभर असतील. जास्तच."

"पाट शंभर जनांचे. मोकली जागा येकच, तुझ्या समोरची." ठमाआयने सुकटीतला एक खडा काढून लांब फेकला. "शंभर येला बोलावलास तू. आथा जो यील त्याला नाय कसा बोलशील?"

"पण कोण येईल, आय? कोण आहे तो?"

"मना काय म्हाईत. मी कदी मोकली ठेवलीच नाय."

स्नेहा रडायला लागली. तिला भीती वाटत होती ती भुताखेतांची नव्हे, ते तिच्या डोक्यात नीट बसतही नव्हतं. भीती गोरखची होती. तीन वर्षं जपलेला, दोन्ही घरांशी भांडून मिळवलेला माणूस चार मात्रांच्या लाजण्यापायी हातचा जाईल, एवढंच तिला कळत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. ठमाआयने सुकटीचाच हात तिच्या पाठीवरून फिरवला.

"रडू नको. तुझ्या लग्नाला मीच गाईन. गोरखचा नाव मी घीन, मशीन नाय घेनार. पन येक काम त्याला सांग. मानसा नवऱ्याचा तोंड बगतान, धवला पाट बगतो. पाटावं पयला पाय ज्याचा, तो नवरा. गोरखला बोल, मांडवात आलास का कोनाशी बोलू नको, हासू नको, सरल जाऊन पाटावं उबा राव."

"आणि नाहीच जमलं तर? तुम्ही गाणं थांबवाल ना?"

ठमाआयने पहिल्यांदा वर पाहिलं. "धवला सुरू झाला का मधे सोडत नाय, पोरी. सोडला तं दोगं अर्ध्यावं ऱ्हातान."

६

हळदीच्या दिवशी स्नेहाने डीजेवाल्याला बजावलं होतं की धवळा लावायचा नाही, कुठल्याही मोबाइलमधून नाही. त्याने शपथ घेतली आणि पाळली. सकाळी अकराचं ऊन होतं, मांडवात बायका दाटीवाटीने बसलेल्या, पोरं लाडू पळवत होती. स्नेहाला चौरंगावर बसवलं होतं. आता फक्त नवऱ्याकडची उष्टी हळद यायची राहिली होती. आधी नवऱ्याला हळद लागते, त्यातली उरलेली नवरीकडे येते आणि मगच नवरीला लावायची, हा रिवाज.

"आली, आली," कुणीतरी म्हणालं, आणि बायकांच्या डोक्यांवरून हातोहात एक पितळी वाटी पुढे आली, वर केळीचं पान. आईने पान काढलं, पाच सवाष्णींनी बोटं बुडवली आणि स्नेहाच्या गालांना, हातांना, पायांना हळद लागली.

ती थंड होती. मे महिन्यात, उन्हातून आलेली हळद थंड कशी, असं तिच्या मनात आलं. रंगही ताज्या हळदीचा नव्हता, काळपट होता, मध्ये मध्ये गुठळ्या होत्या. आणि वास येत होता तो बरेच दिवस बंद असलेल्या खोलीचा. तेलात भिजवून ठेवली असेल, तिने ठरवलं. उरणकडे तशी पद्धत असेल.

बायकांची गाणी सुरू झाली, फोटो निघाले. अर्ध्या तासाने मांडवाच्या दारात गाडी थांबली आणि गोरखची बहीण सुनीता घाईघाईने उतरली. तिच्या हातात स्टीलचा डबा होता.

"सॉरी, सॉरी. रेल्वे फाटकात अडकलो गो. बसलीस ना ताटकळत?" तिने डबा उघडला. आत पिवळीधमक हळद होती, उन्हाने कोमट झालेली. मग तिने स्नेहाच्या अंगाकडे पाहिलं. "अरे, लावली पण?"

आईने पितळी वाटी शोधली. ती चौरंगाखाली नव्हती, ताटात नव्हती, स्वयंपाकघरात नव्हती. कुणी आणली म्हणून विचारलं तर प्रत्येक बाईने मागच्या बाईकडे बोट दाखवलं. मागची सगळ्यात शेवटची बाई दाराशी बसली होती. ती म्हणाली, मला वाटलं बाहेरून कुणी दिली, मी मागे न बघताच हात केला.

"काय होतंय त्याला," सुनीता हसून म्हणाली. "दोनदा हळद लागली, दुप्पट उजळशील." तिने डब्यातली हळद वरून लावली. स्नेहाने अंघोळीला दोन वेळा साबण लावला. वरची निघाली. खालची निघाली नाही.

तिने गोरखला फोन केला. पाटाचं त्याला तिने आधी सांगितलं होतं आणि तेव्हा तो हसला होता. आता हसला नाही.

"उद्या सरळ पाटावर," ती म्हणाली. "कुणी काही म्हणो. तू आधी."

"दोन्ही पाय एकदम ठेवतो," गोरख म्हणाला. "मग तर झालं? घाबरू नको गो. मी हाय ना."

७

लग्न संध्याकाळी साडेपाचचं होतं. नवऱ्याकडच्यांची बेंजो पार्टी रस्त्याच्या वळणावर ऐकू आली तेव्हा स्नेहा आतल्या खोलीत बसली होती आणि मनात पावलं मोजत होती. आता तो फाटकातून आला. आता मांडवाच्या दारात ओवाळतायत. आता मित्र त्याला खांद्यावरून उतरवतायत. आता पाट. बेंजो थांबला. तेवढ्यात वीज गेली, रोजच्या भारनियमनाची वेळच होती ती, आणि कर्णे, पंखे, डीजेचं गुणगुणणं, सगळं एकदम बंद पडलं. उजेड मात्र पुष्कळ होता, तिरपा, पिवळा.

मामा तिला घेऊन बाहेर आले. अंतरपाट आधीच धरलेला होता, लाल कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं पांढरं धोतर, दोन्ही टोकांना दोन माणसं, बाजूला भटजी. ती आपल्या पाटावर उभी राहिली. पलीकडे कोण उभं आहे ते दिसत नव्हतं, तसं ते दिसायचं नसतंच.

"गोरख," ती हळूच म्हणाली. "पाटावर आहेस ना?"

"हाय गो," कापडापलीकडून त्याचा आवाज आला, धापा टाकत, नाचून आलेला. जिवात जीव आला तिच्या. मग तो म्हणाला, "पाट लय बारीक दिलाय तुमी. पायच मावत नाय. टेकून उबा हाय."

ठमाआयने धवळा धरला. कर्ण्याशिवाय, माइकशिवाय, म्हातारा आवाज मांडवभर पसरला आणि तीन-चारशे माणसं गप्प झाली. गणाला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, समुद्राला बोलावलं. पाटी उभी गो स्नेहा नवरी. स्नेहाने डोळे मिटले आणि कान दिले. समोर उभा गो.

मग काही नाही.

तिने डोळे उघडले. ठमाआयचे ओठ हलत होते, नीट, सावकाश, गो-र-ख. शेजारच्या बायका त्या नावावर लाजून हसल्यासुद्धा, म्हणजे त्यांना ते ऐकू आलं होतं. स्नेहाला ऐकू आला तो फक्त श्वास. तो कर्ण्यातून येत नव्हता. कापडाच्या पलीकडून, तिच्या कपाळाच्या उंचीवरून येत होता, आणि त्याला बंद खोलीचा वास होता.

तिने मान खाली घातली. नवरीने मान खाली घालायचीच असते, कुणाला काही वाटलं नाही. अंतरपाटाची खालची कड जमिनीपासून वीतभर वर होती. तिथून तिला आधी गोरखचे पाय दिसले. मार्चमध्ये गोदामात त्याच्या डाव्या अंगठ्यावर लाकडी फळी पडली होती, नख काळं पडलं होतं, ते काळं नख तिने ओळखलं. त्याचे पाय मातीवर होते. पाटाच्या मागे, कडेला बोटं टेकवल्यासारखे.

पाटावर दुसरे पाय होते.

ते अनवाणी होते आणि हळदीचे होते. म्हणजे हळद लावलेले नव्हे. थरावर थर चढला होता, खालचे काळे पडलेले, वरचे तडकलेले, मध्ये अक्षता अडकून वाळलेल्या. दर सणाला चुना लावत गेलेल्या जुन्या भिंतीसारखे. बोटं वेगळी ओळखू येत नव्हती. शंभर हळदी, ठमाआय म्हणाली होती. की ते तिने स्वतःच म्हटलं होतं.

ओरडावं असं तिला वाटलं. पण वीज गेलीय, उजेड तिरपा आहे, मी सकाळपासून उपाशी आहे, असं कुणीतरी तिच्याच डोक्यात शांतपणे सांगत होतं, आणि तेवढ्यात धवळ्याच्या जोडीनेच चाललेलं शेवटचं मंगलाष्टक भटजींनी आटोपलं. तिने ठमाआयकडे पाहिलं. ठमाआय पाटाकडे बघत होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती गातच होती, मध्ये न सोडता.

अक्षता पडल्या. टाळ्या झाल्या. अंतरपाट उत्तरेकडे ओढला गेला.

समोर गोरख होता. घामाने निथळणारा, फेटा कानावर उतरलेला, तिच्याकडे बघून हसणारा. तो पाटामागे मातीवर उभा होता. त्याच्या आणि तिच्या मध्ये पाट होता आणि पाटावर कुणीच नव्हतं. तिने दोनदा पाहिलं. साधा सागाचा पाट, कडेला रांगोळी, वर चार अक्षता.

"घाल गो हार," मामा मागून म्हणाले. "काय बगतस?"

झालं म्हणायचं, स्नेहाच्या मनात आलं. संपलं सगळं. तिने हार उचलला. गोरख जरा लांबच होता, त्याच्यापर्यंत पोचायला ती चवड्यांवर उभी राहिली आणि पुढे झुकली. गोरखने हसत मान वाकवली. तिचे हात अर्ध्या वाटेवर, पाटाच्या बरोबर वर आले, आणि हार टेकला.

ठमाआयचं गाणं संपलं होतं. स्नेहाने हात मागे घेतले. हार खाली पडला नाही.